नळीला हात लावू नये

आमच्या प्रयोगशाळेत भट्टीच्या खोलीच्या दारावर एक पाटी होती: ‘नळीला हात लावू नये.’ जाड काळी शाई, ठळक अक्षर, खाली दोन रेघा. ती पाटी मी लिहिली होती, हे घरी सांगायला मला दोन वर्षं लागली.

त्याचं कारण आमचं घर. उत्तर नागपुरातल्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली ट्रंका नव्हत्या, पत्रकांचे गठ्ठे होते. बाबा कामावरून आले की पत्रकं लिहायचे, पदरचे पैसे घालून छापून आणायचे आणि दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर उभं राहून वाटायचे. अक्षरओळख मला शाळेआधी तिथंच झाली. ‘बंधू-भगिनींनो, विचार करा’ ही मी सलग वाचलेली पहिली ओळ. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, त्याआधीच्या कित्येक पिढ्या ‘हात लावू नको’ एवढंच ऐकत जगल्या. त्या घरची मुलगी बी.एस्सी. झाली, हिंगण्याच्या एमआयडीसीत नोकरीला लागली आणि दारावर तेच वाक्य लिहू लागली. हे बाबांना कसं सांगणार?

आधी ही नळी म्हणजे काय, ते सांगते. आमच्याकडे खाणींचे, कारखान्यांचे नमुने तपासायला येतात. कोळसा, राख, मँगनीजचा दगड. त्यातले काही नमुने अकराशे अंशांपर्यंत तापवावे लागतात, तेही हवा न लागू देता. त्यासाठी एक आडवी भट्टी आहे. तिच्या पोटातून हातभर लांबीची एक पारदर्शक नळी आरपार जाते, नमुना त्या नळीत ठेवायचा. ही नळी खिडकीच्या काचेची नसते. ती काच या उष्णतेत गुळाच्या पाकासारखी वाहून जाईल. ही क्वार्ट्‌झची, म्हणजे सोप्या भाषेत गारगोटी वितळवून केलेली काच. खिडकीच्या काचेत सोडा आणि चुना असतो, हिच्यात तो जवळजवळ नसतो. म्हणून ती एवढी उष्णता सोसते. लालभडक तापलेल्या नळीवर थंड पाणी पडलं तरी ती बहुधा तडकत नाही. मोठी धीराची वस्तू आहे.

एवढी धीराची वस्तू बोटाच्या एका ठशानं मरते.

आपल्या घामात मीठ असतं. बोट टेकलं की ते नळीवर उतरतं. डोळ्यांना काही दिसत नाही. भट्टी हजार अंशांच्या वर गेली की मिठाच्या त्या कणांभोवती काच पुन्हा दगड व्हायला लागते. तिचं मूळ दगडाचंच आहे, तिला परत जायला निमित्त हवं असतं. तो भाग पांढरा, दुधाळ होतो. तापलेला आहे तोवर निभतं. पण नळी निवायला लागली, तीनशे अंशांच्या खाली आली, की तो दगड झालेला भाग एकदम आकसतो आणि शेजारची काच आकसत नाही. मग टिक् असा बारीक आवाज येतो. तो आवाज म्हणजे नळी तडकली.

हे मला शिकवलं गभणेकाकांनी. ते भट्टीवरचे सर्वांत जुने तंत्रज्ञ. पहिल्याच दिवशी मी नवी नळी खोक्यातून उचलायला गेले आणि मागून आवाज आला, “हात नको लावू वं!”

माझं डोकं फिरलं. मी वळून विचारलं, “का? माझ्या हाताला काय झालंय?”

काकांना काही कळेना. माझ्या तोंडाकडे बघितल्यावर त्यांना सगळंच कळलं. त्यांनी फुटक्या नळीचा एक तुकडा घेतला, पांढरे सुती हातमोजे घालून स्पिरिटनं पुसला. मग उजवा मोजा काढून स्वतःचा अंगठा त्यावर टेकवला. “आता तुया टेकव. बाजूले.”

तो तुकडा त्यांनी भट्टीत घातला. दुसऱ्या दिवशी बाहेर काढला तेव्हा त्यावर शेजारी शेजारी दोन पांढरे डाग होते.

“आता सांग,” काका म्हणाले, “माया कोणता अन् तुया कोणता?”

सांगता आलं नाही. आमच्या पलंगाखालच्या सगळ्या गठ्ठ्यांत जे लिहिलं होतं, ते त्या इवल्याशा तुकड्यावर होतं. तो तुकडा मी अजून जपून ठेवला आहे. पुढं मी जे केलं, ते हा तुकडा टेबलाच्या खणात असताना केलं.

नळी स्वच्छ करण्याची रीत ठरलेली आहे. आधी क्षार काढलेल्या पाण्यानं धुवायचं. नळाचं पाणी चालत नाही. नागपूरच्या बोअरचं पाणी भांड्यावर वाळलं की पांढरे ठिपके राहतात, ते ठिपके म्हणजेच क्षार. मग काच खाणाऱ्या एका आम्लाच्या सौम्य द्रावात काही मिनिटं बुडवायचं. ते वरचा पातळ थर घेऊन जातं आणि सोबत सगळी घाण. हे आम्ल महाभयंकर आहे. कातडीवर पडलं तर लगेच कळतही नाही, आणि कळतं तोवर आत उतरलेलं असतं. म्हणून ते काम काका एकटे, जाड मोजे आणि तोंडावर ढाल लावून करायचे. घरी करून बघायची ही गोष्ट नव्हे. त्यानंतर पुन्हा तेच शुद्ध पाणी, वाळवणं, स्वच्छ कागदात गुंडाळणं. भट्टीत घालण्याआधी शेवटचं एकदा उजेडात धरून बघायचं आणि स्पिरिटनं पुसायचं. जेवढा धीर नळीला, तेवढा माणसाला हवा. आमची आधीची नळी तीन वर्षं चालली. बाहेरून येणारे तंत्रज्ञ तिच्याकडे बघून विचारायचे, “नवीन आणली का?” तेव्हा मला जो आनंद व्हायचा, तो पगारवाढीला झाला नाही.

असं काही माहीत झालं की माणूस जरा शहाणपणा मिरवायला लागतो. लकडगंजचे एक विजेच्या सामानाचे व्यापारी तक्रार घेऊन आले होते. त्यांच्या दुकानातून गेलेले हॅलोजनचे दिवे महिनाभरात फुटत होते. “मॅडम, माल डुप्लिकेट आहे, असं लिहून द्या. मी कंपनीवाल्याले सोडत नाही.” मी विचारलं, दिवा विकता कसा? त्यांनी अभिमानानं करून दाखवलं. डबीतून दिवा काढायचा, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायचा, गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर गरागरा फिरवायचा. “एकदम चोख माल, असं दाखवा लागते न!” मी विचारलं, सकाळी नाश्ता काय केला? ते म्हणाले, “तर्रीपोहे. काहून?” त्या दिव्यांची काचही याच जातीची. तर्री आणि घामाचं बोट लागलं, दिवा तापला, काच फुगली, फुटली. मी त्यांना कागदात धरून दिवा दाखवायला शिकवलं. ते हिरमुसले. “कागदात धरला तर गिऱ्हाईकाले वाटन, मी काही लपवून राहिलो.” तरी ऐकलं त्यांनी. त्या आठवड्यात मी लोकांना अडाणी समजत हिंडत होते, हे आज कबूल करते.

आता वच्छलामावशी. भिवापूरच्या. ठेकेदारामार्फत आमच्याकडे काचसामान धुवायला येत. नवरा गेलेला, मुलगी नर्सिंगला. पगारात भागत नाही म्हणून भाऊ गावाकडून मिरची पाठवायचा. ती घरी देठं खुडून, कुटून मावशी ओळखीत विकायच्या. त्यामुळे त्यांची नखं कायम लालसर आणि त्या जवळ आल्या की नाकात हलका ठसका. त्यांच्या हातून आठ वर्षांत एक चंचुपात्र फुटलेलं मला आठवत नाही.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी नवी नळी आली. काकांनी ती आम्लातून काढून दिली, मी धुतली, वाळवली, कागदात गुंडाळून मांडणीवर ठेवली. दसऱ्याला काका गावी गेले आणि मी दरवर्षीसारखी दीक्षाभूमीवर, बाबांसोबत पत्रकं वाटायला. प्रयोगशाळेत त्या दिवशी यंत्रांची पूजा असते. तिथं मी कधी नसते.

दुसऱ्या दिवशी कामावर आले, तर खापा भागातल्या खाणीच्या नमुन्याची घाई होती. मांडणीवरून नळी घेतली. कागदाची घडी माझी नव्हती. मी कोपरे आत दुमडते, हे बाहेर दुमडलेले होते. माझ्या डोळ्यांना ते दिसलं आणि मी पुढं गेले. उजेडात धरलं नाही, स्पिरिटनं पुसलं नाही. मीच तर धुतली होती! मोजे मात्र घातले. नमुना आत ठेवला आणि भट्टी लावली.

शुक्रवारी सकाळी भट्टी उघडली. नळी मधोमध तडकून दोन झाली होती, नमुन्यात काचेचा चुरा मिसळला होता आणि तडा जिथून निघाला तिथं रुपयाएवढा पांढरा डाग. साहेब आले, म्हणजे आमचे व्यवस्थापक. खाणवाल्यांना काय सांगायचं, नमुना परत कसा मागायचा, सगळा राग त्यांच्या तोंडावर. त्यांनी विचारलं, “हे झालं कसं?”

त्या क्षणी माझी नजर मावशींच्या हातांवर गेली. लाल नखांवर. कागदाच्या घडीवर नाही, मी न उघडलेल्या स्पिरिटच्या बाटलीवर नाही. सरळ त्यांच्या हातांवर.

“मावशी,” मी सगळ्यांसमोर विचारलं, “मिरचीच्या हातानं नळी धरली होती का?”

मावशी गोंधळल्या. “मी... मी कागदात बांधून ठेवली, मॅडम.”

“म्हणजे हात लावला ना!” साहेब म्हणाले. “दारावर एवढी मोठी पाटी आहे. सोमवारपासून ठेकेदाराला दुसरी बाई पाठवायला सांगा.”

मावशींनी हात पदरात घेतले आणि त्या मोरीकडे गेल्या. त्या दिवसाची भांडी त्यांनी रोजच्यासारखीच लख्ख धुतली.

शनिवारी काका गावाहून आले. मी त्यांना सगळं सांगितलं. मी निर्दोष कशी, तेही सांगितलं असणार. त्यांनी मोजे घालून दोन्ही तुकडे जुळवले.

“डाग कुठी आहे?”

“मधोमध.”

“बाई नळी उचलन तर कुठी धरन?”

“दोन्ही टोकांना.”

“मंग मधोमध कोण लावते वं? अन् काय लावते?” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “तू दसऱ्याचे फोटो नाही पायले का?”

कार्यालयाच्या मोबाइल ग्रुपवर ते फोटो तीन दिवस पडून होते. मी न उघडताच त्यावर अंगठा देऊन मोकळी झाले होते. आता उघडले. टेबलावर लाल कापड, त्यावर तराजू, चिमटे, नट आवळायचे पाने, झेंडूची फुलं, आणि सगळ्यांच्या मध्ये माझी नवी नळी. तिच्या पोटावर बरोबर मधोमध कुंकवाचा ठसठशीत टिळा.

कुंकू म्हणजे हळदच. तिला चुना किंवा टाकणखार लावला की ती लाल होते. म्हणजे जे क्षार आम्ही आम्लानं धुऊन काढतो, तेच नळीवर मुद्दाम लावलं गेलं होतं.

मोरीत मावशी शेवटच्या दिवसाची भांडी धूत होत्या. मी विचारलं, “मावशी, कुंकू पाहिलं होतं तुम्ही?”

“पायलं न. पूजा झाल्यावर मीच पुसलं, ओल्या फडक्यानं. नळी साफ पायजे, हे का मले माहीत नाही?”

“कोणत्या पाण्यानं?”

“नळाच्या.”

“मग काल बोलला का नाहीत?”

त्यांनी नळ बंद केला. “काय बोलू? साहेबायचं नाव घेऊ चारचौघात? अन् देवाचं कुंकू पुसलं मी, तेच उलटलं असन, असं वाटलं मले. चूक मायीच असन म्हटलं.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही बी तेच म्हटलं न.”

मी फोटो घेऊन साहेबांकडे गेले. जिना चढताना डोक्यात अख्खं पत्रक तयार होतं. अंधश्रद्धा, कष्टकरी बाई, ठेकेदारी, सगळं. खोलीत शिरून मी फोटो समोर धरला. साहेबांनी बघितला आणि ते खरोखर दुखावले.

“पण मी हात नाही लावला हो! पाटी वाचली होती तुमची. कागदात धरूनच टेबलावर ठेवली, विड्याच्या पानानं टिळा लावला. बोट लागू दिलं नाही.”

माझं पत्रक तिथंच संपलं. या माणसानं माझी पाटी पाळली होती, अक्षरशः. हात का लावायचा नाही, हे पाटीवर कुठं होतं? मावशींनाही मी ते कधी सांगितलं नव्हतं. भांडी धुणाऱ्या बाईला काय सांगायचं, असं मला वाटलं असेल का? तेव्हा वाटलं होतं. लिहिताना हात जड होतोय, पण वाटलं होतं.

“घडी बदललेली मला दिसली होती,” मी म्हणाले. “उजेडात बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही. बाईंची काही चूक नाही.”

साहेबांनी ठेकेदाराला फोन करून निरोप मागं घेतला. खाणवाल्यांना पत्र माझ्या सहीनं गेलं. त्यांनी चार बोल सुनावले आणि दुसरा नमुना पाठवला. मावशींचं काम वाचलं.

पण मावशींनी मला सोडलं नाही. सोमवारपासून त्या पांढरे सुती मोजे घालूनच माझ्यासमोर येऊ लागल्या. चहाचा पेला देताना मोजे, दार उघडताना मोजे, माझी खुर्ची सरकवताना मोजे. “हात नाही लागला, मॅडम. पाहून घ्या.” आवाज अगदी गोड. काका मान वळवून हसायचे. मी माफी मागितली, त्यावर उत्तर, “माफी कायची? पाटीवरच लिहिलं आहे न.”

एका रविवारी अखेर मी बाबांना सगळं सांगितलं. पाटीपासून. वाटलं, ते पाटीच्या शब्दांवर चिडतील. ते चष्मा पुसत राहिले.

“हात लावू नये, हे खरं आहे का?”

“खरं आहे.”

“मंग तेवढं काहून लिहिलं? कारण कुठी आहे?” ते म्हणाले. “आपल्या आज्या-पणज्याले बी नुसता हुकूमच भेटला, कारण नाही भेटलं. मी आयुष्यभर पत्रकात काय लिहिलं? कारण लिहिलं. हुकूम कोणीबी लिहिते.”

मी त्या दिवशी बसून एक पानाचं पत्रक लिहिलं. नळी कशाची, घाम लागला तर काय होतं, नळाचं पाणी का नको, कुंकू का नको, डाग आधी कसा दिसतो, भट्टीत घालण्याआधी शेवटचं कोणी आणि कसं बघायचं. बाबांनी वाचून दोन शब्द खोडले आणि विचारलं, “अन् ही नळी कोणाच्या चुकीनं गेली, ते?”

मी शेवटी एक ओळ वाढवली.

पाटी काढून मी त्या जागी ते पान लावलं. मावशी फडकं हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि वाचू लागल्या. त्या शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या, ओठ हलवत, एकेका शब्दावर थांबत वाचतात. मी भट्टीजवळ उगाच नसलेलं काम करत होते. शेवटची ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली. “या आधीची नळी हे पान न लिहिल्यामुळे आणि शेवटचं न बघितल्यामुळे फुटली. दोन्ही कामं माझी होती. वच्छलाबाईंना मी सगळ्यांसमोर विनाकारण दोष दिला.” खाली माझं नाव होतं, तेही वाचलं.

मग फडकं पिळत मोरीकडे गेल्या. संध्याकाळी निघायच्या वेळी माझ्या टेबलाशी आल्या. मोजे नव्हते. पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेली पुडी काढली, माझा हात स्वतःच्या हातानं ओढला आणि पुडी तळव्यावर ठेवून माझी बोटं वरून दाबून मिटवली. भिवापूरची मिरची, ताजी कुटलेली. नाकात ठसका गेला.

“घरी नेजो,” त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच मॅडम म्हटलं नाही. “अन् उद्या हात नीट धुऊन येजो वं. मंगच नळीजवळ जाय.”